पोळ्यातली शिल्लक कोणाची?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या माणसाने आयुष्याची तीस वर्षे साखर कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात आणि मागण्यांचे कागद हातात धरून कचेऱ्यांचे जिने चढण्या-उतरण्यात घालवली, त्याने मधमाश्यांच्या हिवाळ्याबद्दल काय सांगावे? मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही आणि मधपाळही नाही. माझी शाळा दहावीला संपली. पुढचे शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात, इंग्रजी पुस्तकाशेजारी शब्दकोश उघडा ठेवून. तेव्हा मी सांगणार आहे ते एका हौशी वाचकाने जमवलेले आहे, एवढे आधीच कबूल करतो.

या विषयाकडे मी वळलो तो एका बोलाचालीमुळे. साखर कारखाना हा हंगामी धंदा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते, उन्हाळा लागला की बॉयलर थंड होतो आणि हंगामी कामगार घरी बसतो. या बसण्याच्या काळात त्याला पगाराचा काही हिस्सा मिळतो. कामगार पुढच्या हंगामाला परत यावा म्हणून दिलेला हा भत्ता. आमच्याकडे सगळे त्याला ‘रिटेन्शन’ म्हणतात. एका वर्षी आमच्या भागातल्या एका कारखान्याने हे रिटेन्शन थकवले. ऐन जुलैत, धो धो पावसात, मी सह्यांचा कागद घेऊन घरोघर हिंडत होतो. एका फिटरच्या घरी गेलो, तो हा गृहस्थ परसातल्या पडवीत चुलीवर पातेले ठेवून साखरेचा पाक करीत बसलेला. पलीकडे दगडांवर दोन लाकडी पेट्या, वर प्लॅस्टिकचा कागद. पाक त्या पेट्यांतल्या मधमाश्यांसाठी होता. मला राग आला. घरात चहाला साखर मोजून घालायचे दिवस, आणि हा माश्यांना पाजतो आहे! मी तसे बोललोही. तो पातेले ढवळीतच म्हणाला, “दादा, एप्रिलात ह्यांचा मध काढून मी विकला. आता ह्यांचा ऑफ-सीझन चालू आहे. ह्यांचं रिटेन्शन मी बुडवू का?”

मी निरुत्तर झालो. निघताना त्याने मला मधमाशीपालनाची एक मराठी पुस्तिका दिली. तीत लिहिले होते की पोळ्यात एक राणीमाशी असते, काही शे नर असतात, आणि बाकीच्या हजारो माश्या त्या ‘कामकरी माश्या’. हा शब्द मराठीत ज्याने रूढ केला त्याला माझा नमस्कार असो. कामकरी म्हटल्यावर आमच्यासारख्याने पुढे वाचणे भागच होते. वाचता वाचता असे दिसले, की माणसाने मधमाशी पाळायला घेतल्यापासून एक प्रश्न त्याच्या पाठीस लागला आहे: पोळ्यातला मध किती काढायचा आणि माशीसाठी किती ठेवायचा? आपल्याकडे हा प्रश्न पावसाळ्यापूर्वी येतो. पण तो खरा निकराला आला तो युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखात, हिवाळ्याच्या तोंडावर. तेथलाच इतिहास मी आज सांगणार आहे.

प्रथम हिवाळ्यात पोळ्यात काय होते ते पाहू. इंग्लंड, जर्मनी, कॅनडा येथे शरदात शेवटची फुले संपली की वसंतापर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, मधमाशीला बाहेर काही मिळत नाही. गांधीलमाशीच्या घरात अशा वेळी सगळे मरतात आणि एकटी गाभण राणी कुठेतरी फटीत पडून हिवाळा काढते. मधमाशीचे तसे नाही. तिचे सबंध कुटुंब जागे राहून हिवाळा काढते. माश्या एकमेकींना बिलगून पोळ्यावर चेंडूसारखा झुबका करतात. आतल्या माश्या पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि त्या कष्टातून ऊब निर्माण होते. बाहेर पाणी गोठलेले असताना झुबक्याच्या गाभ्यात वीस अंशांहून अधिक उष्णता असते. वसंताआधी राणी अंडी घालू लागली की ती तेहतीस-पस्तीस अंशांवर नेली जाते. या भट्टीचे इंधन म्हणजे मध. इंग्लंडच्या सौम्य हिवाळ्याला एका वसाहतीस सुमारे १८ ते २० किलो मध लागतो. कॅनडाच्या मैदानात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हाच आकडा ३० ते ४० किलोंपर्यंत जातो.

यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावून गेली. उन्हाळ्यात जन्मलेली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत झिजून मरते. शरदात जन्मलेली माशी मात्र अंगात चरबी साठवून पाच-सहा महिने जगते. म्हणजे जुलैत ज्या माशीने मकरंद आणला, तिने तो जानेवारीत खायचा नसतोच. खाणारी वेगळी, आणि तिच्या उबेवर मार्चमध्ये जन्मणारी आणखी वेगळी. भविष्यनिर्वाह निधीत निदान आपले पैसे आपल्याला मिळतात. येथे तीही सोय नाही. नरांचे काय होते हेही सांगून टाकतो. थंडी येण्याच्या सुमारास कामकरी माश्या त्यांना ओढून पोळ्याबाहेर काढतात आणि परत आत येऊ देत नाहीत. हिवाळ्याच्या शिध्याची नोंद अशी कडक असते.

आता माणसाकडे येऊ.

युरोपात शतकानुशतके मधमाश्या पाळल्या जात त्या वेताच्या, आणि पुढे गवताच्या पेंढीच्या, उपड्या टोपल्यांत. इंग्रजीत तिला स्केप म्हणतात. आत माश्या आपले पोळे टोपलीच्या छताला आणि भिंतींना चिकटवून बांधीत. ती टोपली उघडता येत नसे. आत मध किती आहे हे पाहण्याचा एकच उपाय होता: टोपली हाताने उचलून वजन अजमावणे. शरद आला की शेतकरी आपल्या सगळ्या टोपल्या अशा उचलून पाही आणि त्यांच्या तीन रांगा मनात ठरवी. जड टोपल्या, हलक्या टोपल्या आणि मधल्या.

जड टोपल्यांत मध भरपूर, म्हणून त्या मारायच्या. हलक्या टोपल्या हिवाळा काढणार नाहीत, म्हणून त्यांतला असेल तेवढा मध घेऊन त्याही मारायच्या. मधल्या तेवढ्या पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी ठेवायच्या. मारण्याची रीत अशी: जमिनीत लहानसा खड्डा खणायचा, गंधकात बुडवलेल्या चिंध्या काडीला अडकवून त्यात पेटवायच्या आणि टोपली त्या खड्ड्यावर ठेवायची. थोड्या वेळात आतला गुणगुणाट थांबे. मग माश्या झटकून टाकायच्या आणि पोळे कापून घ्यायचे.

श्रोतेहो, या हिशोबाकडे जरा पाहा. ज्या वसाहतीने सर्वांत जास्त काम केले ती पहिली मेली. जिला काम जमले नाही तीही मेली. जगली ती मधली! मी हे आमच्या फाटकावरच्या सभेत एकदा सांगितले, तेव्हा मागून एक जुना कामगार ओरडला, “म्हणूनच आम्ही बेताने काम करतो!” हशा झाला. पण या पद्धतीत मधपाळ वर्षानुवर्षे आपल्या उत्तम वसाहतींचा वंश स्वतःच्या हाताने खुडत होता, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तरीही त्या शेतकऱ्याला कसाई म्हणायला मी तयार नाही. इंग्लंडातला खेडूत मजूर चार-दोन टोपल्या ठेवी त्या हौसेखातर नव्हेत. सप्टेंबरच्या २९ तारखेला तेथे तिमाहीचे भाडे भरण्याचा रिवाज होता, आणि पुष्कळ झोपड्यांचे भाडे मधमेणाच्या पैशांतून निघे. शिवाय मेणाला मधाइतकीच किंमत होती, कारण देवळांतल्या मेणबत्त्या त्याच्याच होत. टोपली उघडता येत नसेल, आत हात घालता येत नसेल, तर मधाची विभागणी करायची कशी? सगळा घ्या किंवा सगळा ठेवा, एवढे दोनच मार्ग उरतात. क्रूरपणा माणसात होताच, पण त्याहून जास्त तो टोपलीच्या घडणीत होता.

याविरुद्ध बोलणारे होते. थॉमस वाइल्डमन या इंग्रजाने १७६८ साली लंडनमध्ये मधमाश्यांच्या व्यवस्थेवर ग्रंथ काढला आणि मधासाठी माश्या मारू नयेत असे आग्रहाने मांडले. टोपलीवर टोपली चढवून वरचा मध घ्यावा आणि खालचा माश्यांना ठेवावा, ही त्याची शिकवण. दुसरा उपाय होता तो माश्या हाकण्याचा. भरलेली टोपली उलटी करायची, तिच्या तोंडाशी रिकामी टोपली धरायची आणि खालच्या टोपलीवर दोन्ही हातांनी ठेक्यात थापट्या मारायच्या. काही मिनिटांत माश्या रांग धरून वर चढतात. मग त्या दुसऱ्या वसाहतीत मिसळायच्या. ऑस्ट्रियात महाराणी मारिया थेरेसाने १७७० च्या सुमारास व्हिएन्नात मधमाशीपालनाची शाळा चालवली आणि तीवर अँटन यान्शा या स्लोव्हेनियन शेतकरीपुत्राची शिक्षक म्हणून नेमणूक केली. २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून २०१८ पासून पाळला जातो, तो याच यान्शाच्या जन्माच्या निमित्ताने. शाळा निघाल्या, ग्रंथ निघाले. तरी गंधकाचे खड्डे पेटतच राहिले. उपदेशाने चाल बदलत नाही, हा अनुभव आम्हां चळवळीतल्या माणसांना नवा नाही.

बदल आला तो पोळे उघडता येऊ लागले तेव्हा. जिनिव्हाचा फ्रान्स्वा ह्युबर तरुणपणीच आंधळा झाला होता. त्याने पुस्तकासारखी पानापानांनी उघडणारी पेटी करवली आणि तिच्यातून केलेले संशोधन १७९२ साली प्रसिद्ध केले. आंधळ्याने पाहिले कसे, असे आपण विचाराल. पाहिले त्याच्या नोकराने. फ्रान्स्वा बर्नेन्स हा खेडुताचा मुलगा तासन्‌तास पोळ्यापुढे बसे, दंश सोशी आणि काय दिसले ते धन्याला सांगे. ह्युबरने त्याचे नाव मोकळेपणाने आपल्या ग्रंथात घातले आहे. सगळेच धनी तसे करीत नाहीत, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

युक्रेनमध्ये पेत्रो प्रोकोपोविच याने १८१४ साली सुट्या चौकटींची पेटी बनवली. सायलीशियात धर्मगुरू योहान झिएरझोन याने पट्ट्यांवर पोळे बांधवून ती पट्टी बाहेर काढण्याची युक्ती केली; मात्र भिंतीला चिकटलेले पोळे सुरीने सोडवावे लागे. हे चिकटणे थांबवले ते अमेरिकेतल्या लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने. १८५१ साली फिलाडेल्फियात त्याच्या ध्यानात आले की पोळे आणि भिंत यांत सुमारे तीन-अष्टमांश इंचाची फट ठेवली तर माश्या ती फट मोकळीच ठेवतात. फट याहून बारीक असेल तर त्या ती राळेने बुजवतात; मोठी असेल तर तीत पोळे बांधतात. एवढीशी ही गोष्ट! पण तिच्यामुळे चौकट कपाटातल्या वहीसारखी वर उचलता येऊ लागली. ५ ऑक्टोबर १८५२ रोजी त्याला पेटंट मिळाले आणि १८५३ साली त्याचे पुस्तक निघाले. पेटंटचा पैसा मात्र त्याला फारसा लाभला नाही. लोकांनी सर्रास नक्कल केली आणि मनाच्या आजाराने ग्रासलेल्या या भल्या माणसाची वर्षे कोर्टकज्ज्यांत गेली.

चौकटीने नेमके काय केले, ते मी आमच्या भाषेत सांगतो. कारखान्याशी बोलणी सुरू झाली की आमची पहिली मागणी असते, ताळेबंद दाखवा. नफा किती, घसारा किती, शिल्लक किती, हे कागदावर आल्याशिवाय वाटपाची चर्चा म्हणजे अंधारात काठी मारणे. टोपलीच्या काळात मधपाळ अंधारात काठी मारीत होता. लँगस्ट्रॉथच्या पेटीने ताळेबंद उघडा केला. या चौकटीत दोन किलो, त्या चौकटीत अर्धा, मधल्या चौकटींत पिलावा, असा हिशोब पहिल्यांदा डोळ्यांनी दिसू लागला. खालची कोठी माश्यांची आणि वरची मधाची, अशी वाटणी करता आली. गंधकाचा खड्डा बुजला तो मुख्यतः या फटीमुळे.

पण ताळेबंद उघडा झाला म्हणजे वाटप न्याय्य होते असे नाही. त्यावरची भांडणे तेव्हा कुठे सुरू होतात. १८५७ साली जर्मनीत योहान्नेस मेहरिंग याने मेणपत्रा केला. १८६५ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातला निवृत्त मेजर फ्रान्झ हृश्का याने गरागरा फिरवून पोळ्यातला मध बाहेर काढणारे यंत्र ब्र्नो येथील मधपाळांच्या परिषदेत दाखवले. पोळे न मोडता मध निघू लागला आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता येऊ लागले. एक किलो मेण घडवायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्चावा लागतो असे मधपाळ धरतात, तेव्हा ही बचत लहान नव्हती. परंतु ज्या यंत्राने पोळे वाचवले, त्यानेच शेवटची चौकटही रिकामी करणे सोपे करून ठेवले. पूर्वी मध काढताना माशी मरे. आता माशी जिवंत ठेवून तिचे सगळे कोठार नेता येत होते.

कोठार नेले तर तिने हिवाळ्यात खायचे काय? येथे आमची साखर रंगमंचावर येते.

बीटमध्ये साखर आहे हे बर्लिनच्या मार्गग्राफने १७४७ सालीच दाखवले होते, आणि त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलीशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. वसाहतींतल्या उसाच्या साखरेशी तिची चढाओढ सुरू झाली आणि साखर उतरत गेली. इंग्लंडने १८७४ साली साखरेवरची जकात उठवली. योगायोग असा, की त्याच साली ब्रिटिश मधपाळांची संघटना स्थापन झाली. खेडुतांना माश्या न मारता मध काढायला शिकवणे हे तिच्या कामांपैकी एक. म्हणजे माशी वाचवा असे सांगणारे आणि तिला वाचवायला लागणारी स्वस्त साखर, दोन्ही एकाच सुमारास आली. मध महाग, साखर स्वस्त. महाग ते काढून घ्यावे आणि स्वस्त ते भरून द्यावे, हा व्यवहार मधपाळांना लवकरच उमगला. ती साखर स्वस्त कशी झाली, याचा एक धागा आपल्या मुलखातही येतो. गुलामगिरी उठल्यावर १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या शेतांवर गिरमिटिये नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे आपल्याला मराठी म्हणवतात.

खरे सांगतो, इथपर्यंत वाचल्यावर माझा निकाल ठरलेला होता. मध नेऊन साखर देणे म्हणजे पगार कापून कूपन देणे, असे मी मनाशी लिहूनही ठेवले होते. पुढे वाचले आणि ते वाक्य खोडावे लागले.

त्याचे कारण असे. हिवाळ्यात माशी पेटीत घाण करीत नाही. आठवडेच्या आठवडे ती मल पोटात धरून ठेवते आणि एखाद्या उबदार दुपारी बाहेर भरारी मारून मोकळी होते. तेव्हा हिवाळ्याच्या अन्नात चोथा जितका कमी तितके तिला बरे. युरोपच्या माळांवर शरदात फुलणाऱ्या हेदर या झुडपाचा मध, किंवा झाडांवरच्या माव्याच्या अंगातून पाझरणारा चिकटा गोळा करून केलेला मध, यांत न पचणारा अंश जास्त. लांबलेल्या थंडीत अशा मधावर राहिलेल्या वसाहतीस हगवण लागते आणि पेटी आतून घाण होऊन वसाहत खचते. आयव्ही वेलीचा मध पोळ्यातच दगडासारखा गोठतो, आणि तो विरघळवायला लागणारे पाणी गारठ्यात आणायचे कोणी? शुद्ध पांढऱ्या साखरेत चोथा नाही. म्हणून अनुभवी मधपाळ असा मध काढून घेऊन त्याजागी पाक देतात, तो माशीच्या हितासाठीही असतो. जे तिने मिळवले ते तिचे, हे तत्त्व बरोबर. पण तिने मिळवलेले सगळे तिला हिवाळ्यात पोसतेच असे नाही. तत्त्वाला असा खुंटा लागला की माझ्यासारख्याला अवघड होते. तरी खरे ते खरे.

हिवाळ्यापूर्वी उरलेल्या मधाची व्यवस्था हा त्यामुळे एक शास्त्रशुद्ध उद्योग होऊन बसला. मेणाचे झाकण न लागलेला पातळ मध ठेवला तर आंबतो. तो आधी काढावा किंवा माश्यांकडून पिकवून घ्यावा. मध काढून झालेल्या चौकटींना चिकटलेला अंश फुकट घालवायचा नाही. त्या संध्याकाळी पुन्हा पेटीवर ठेवतात आणि माश्या त्या चाटूनपुसून कोरड्या करतात. हे काम भरदिवसा उघड्यावर केले तर आसपासच्या वसाहतींना वास लागतो आणि लुटालूट सुरू होते. शरदात भुकेल्या वसाहती एकमेकींवर दरोडा घालतात, आणि दुर्बळ वसाहत दोन दिवसांत साफ होते. (कामकऱ्यांची एकजूट आपल्या पोळ्यापुरतीच असते, हे मला त्या पुस्तकांतून कष्टाने शिकावे लागले.) अर्धवट भरलेल्या चौकटींचा डबा काहीजण वर न ठेवता पिलाव्याच्या कोठीखाली ठेवतात, खालचा मध माश्या वर नेऊन झुबक्याजवळ रचतात. राणीला अडवणारी जाळी हिवाळ्यापूर्वी काढावीच लागते. नाहीतर झुबका मध खात वर सरकतो आणि राणी जाळीखाली गारठून मरते. दुसऱ्याच्या पेटीतला मध आपल्या माश्यांना घालू नये, असा दंडक आहे, कारण अमेरिकन फाउलब्रूड नावाचा पिल्ले सडवणारा रोग मधातून पसरतो आणि त्याचे बीज दशकानुदशके जिवंत राहते. या रोगाचा जंतू ओळखला जी. एफ. व्हाइट या अमेरिकनाने, १९०६ च्या सुमारास.

पाक द्यायचा तो दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट, आणि थंडी पडण्यापूर्वी. उशीर झाला तर माश्या तो उतरवू शकत नाहीत, त्यातले पाणीही आटवू शकत नाहीत. येथे रिटेन्शनची आठवण होते. वेळेवर न मिळालेला भत्ता हिशोबात दिसतो, पोटात दिसत नाही. आणि सगळे नीट करूनही कधी कधी वसंतात पेटी उघडली तर आतल्या माश्या घरात डोके खुपसून मेलेल्या असतात, आणि चार बोटांवरच्या चौकटीत मध तसाच असतो. कडाक्याच्या थंडीत झुबका तेवढे अंतरही ओलांडू शकला नाही. अशा मेलेल्या पेटीतला शिल्लक मध ही सगळ्यांत वाईट शिल्लक, असे एका मधपाळाच्या पुस्तकात सुचवलेले वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

आता कॅनडाची हकीकत सांगतो. ती जुन्या काळातली नाही. आपणांपैकी अनेकांच्या हयातीतली आहे.

आल्बर्टा, सस्कॅचवन, मॅनिटोबा हे कॅनडाचे सपाट प्रांत. उन्हाळा लहान, पण दिवस लांब आणि क्लोव्हरची शेते अफाट. मधाचे पीक असे की जगात नावाजलेले. हिवाळा मात्र जीवघेणा. तेथल्या व्यापारी मधपाळांनी हिशोब मांडला. हिवाळा काढायला वसाहतीस तीस-चाळीस किलो मध ठेवावा लागतो. उलट, दक्षिणेकडे अमेरिकेच्या उबदार राज्यांत जाळीच्या खोक्यात दोन-तीन पौंड माश्या आणि एक राणी अशी वसाहत वसंतात विकत मिळते. ठेवायचा मध विकला तर त्या पैशांत नवे खोके येऊन वर पैसे उरतात. मग माशी कशाला जगवायची? म्हणून विसाव्या शतकात कित्येक दशके तेथे शरदात पेट्यांत सायनाइडची भुकटी टाकून वसाहतीच्या वसाहती मारीत, सगळा मध नेत, आणि वसंतात ट्रकांतून नव्या माश्या आणीत. येथे टोपली नव्हती, उत्तम चौकटींच्या पेट्या होत्या. ताळेबंद उघडा होता. तो वाचूनच माश्या मारल्या जात होत्या.

हे मी वाचले तेव्हा लँगस्ट्रॉथच्या चौकटीबद्दल मघाशी जे सांगितले, त्याला दुरुस्ती जोडावी लागली. चौकटीने गंधकाचा खड्डा बुजवला हे खरे. पण बाजारभावाने तो पुन्हा उकरता येतो, हेही खरे.

तो थांबला कशाने? दयेने नव्हे. १९८४ साली अमेरिकेत माशीच्या श्वासनलिकेत राहणारी सूक्ष्म गोचीड सापडली, आणि १९८७ साली व्हॅरोआ ही दुसरी, अंगावर राहणारी गोचीड. कॅनडाने १९८७ साली अमेरिकेतून माश्यांची आयात बंद केली. दक्षिणेकडची स्वस्त माशी अशी तुटल्याबरोबर मैदानातल्या मधपाळांना हिवाळा शिकावाच लागला. त्यांनी पेट्या गुंडाळायला सुरुवात केली, शरदात पाक द्यायला सुरुवात केली. काहींनी पाच अंशांच्या आसपास थंडावा राखणाऱ्या अंधाऱ्या कोठारांत हजारो पेट्या ठेवण्याची पद्धत बसवली. बदली मिळत होती तोवर जुन्या कामकऱ्याला हिवाळाभर पोसणे परवडत नव्हते. बदली मिळेनाशी झाली, आणि परवडू लागले.

आपल्याकडची सातेरी माशी या बाबतीत निराळी आहे. सह्याद्रीत जांभूळ, हिरडा, गेळा यांचा बहार उन्हाळ्यापर्यंत चालतो, सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते, आणि मग जूनपासून चार महिने पाऊस. तो तिचा हिवाळा. १९६२ साली पुण्यात मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले; पण पावसाळ्यात माशीसाठी किती ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक मधपाळाच्या परसात दरवर्षी नव्याने येतो. युरोपची माशी भूक लागली तरी पेटीतच बसते आणि तेथेच मरते. सातेरीची रीत तशी नाही.

आमच्या फिटरला हे पुढे दोन वर्षांनी कळले. मुलीच्या फीचे पैसे कमी पडत होते आणि मधाला भाव बरा होता. वरच्या कोठीबरोबर त्याने पिलाव्याच्या कोठीतल्या कडेच्या दोन चौकटीही काढल्या. पाऊस लवकर आला, पाक द्यायला आठ-दहा दिवस उशीर झाला. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याने झाकण उचलले तर आत एकही माशी नव्हती. मेलेलीसुद्धा नाही. कोरडे, स्वच्छ पोळे तेवढे लटकलेले. मला बोलावून त्याने ते दाखवले आणि म्हणाला, “दादा, ह्या संपावर नाही गेल्या. राजीनामा देऊन गेल्या.”

थकलेले रिटेन्शन आम्हांला गणपतीनंतर मिळाले होते, हे सांगायचे राहिलेच. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या पेटीची वसाहत वाढवून दोन केल्या. एप्रिलात मध काढायचा दिवस आला तेव्हा त्याने मला मुद्दाम बोलावून घेतले. धुराडे माझ्या हातात होते, चौकटी तो उचलून उन्हाला धरीत होता. त्याचे म्हणणे तीन ठेवू, माझे म्हणणे चार. मी त्याला लँगस्ट्रॉथ सांगितला, कॅनडा सांगितला. त्याने मला मुलीच्या वसतिगृहाचा खर्च सांगितला. एका चौकटीवरून आम्ही तासभर वाद घातला, आणि तोवर माश्या आमच्या दोघांच्याही डोक्यांभोवती फिरत होत्या.